पाचव्या नाण्याची मागची बाजू

एडिसन, न्यू जर्सी

चि. केतकीस,


आजेसासऱ्यांच्या डब्यात निघालेल्या सात मॉर्गन डॉलरांचे, त्या जुन्या चांदीच्या नाण्यांचे, फोटो मिळाले. ‘मामा, लख्ख करून पुन्हा पाठवते’ असं लिहिलंस, म्हणून लगोलग हे पत्र. त्यांना अजिबात घासू नकोस! लक्ष्मीपूजनाची नाणी आपण रांगोळीने उजळतो, ती सवय इथे महागात पडते. माझा पहिला डॉलर मी दंतमंजनाने चकचकीत केला होता. दुकानदाराने तो दिव्याखाली तिरका धरून बारीक ओरखड्यांचं जाळं दाखवलं आणि निव्वळ चांदीचे पैसे हातावर ठेवले.

चांदीचे पैसे ही खालची पायरी. नाण्याचं वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी, म्हणजे साधारण २४ ग्रॅम. आजच्या भावाने हिशेब करून ठेव; वजनात बराच फरक निघाला किंवा लोहचुंबक चिकटलं, तर नाणं खोटं समज.

वरची किंमत सन आणि टांकसाळ मिळून ठरते. टांकसाळीची खूण मागे, गरुडाखालच्या पानांच्या माळेखाली असते: ‘एस’ सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ न्यू ऑर्लिन्स, ‘सीसी’ कार्सन सिटी, खूणच नसेल तर बहुधा फिलाडेल्फिया. तुझे चार डॉलर १९२१चे, बिनखुणेचे. त्या साली तिथे ४ कोटींवर पाडले गेले, त्यामुळे त्यांच्यावर फार आशा ठेवू नकोस. उलट १८९३चे ‘एस’वाले अवघे १ लाख. म्हणून तर लबाड लोक साध्या १८९३ला ‘एस’ चिकटवतात.

पण किती पाडले यावरून किती उरले ते कळत नाही. १९१८च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानात रुपये पाडायला गेली. आपल्या पणजीच्या पेटीतला १९१९चा रुपया आधी डॉलर असेलही, कोण जाणे!

मग झीज बघ. पुढच्या बाजूवरच्या चेहऱ्याचे कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती आधी गुळगुळीत होतात. जाणकार १ ते ७० गुण देतात. वरच्या गुणांत एका गुणाच्या फरकानेही किंमत कुठल्या कुठे जाते. तपासणीची फी द्यायची ती नाणं त्या लायकीचं असेल तरच. आणि भाव बघताना विकणाऱ्याने मागितलेला आकडा सोड, लिलावात खरोखर मिळालेला धर.

पाचव्या फोटोत १८९३ स्पष्ट दिसतंय, आणि नेमकी त्याचीच मागची बाजू तू पाठवली नाहीस. नाणं कडेने धर, खिडकीपाशी ने आणि फोटो काढ. काळं आहे तसंच राहू दे.

तुझा,
मामा