बटण सेल गिळल्यास अन्ननलिका कशी वाचवावी?



नाताळ आला की घरोघरी गोठा सजतो आणि हल्ली त्यात सेलवर लुकलुकणारी मेणबत्ती ठेवली जाते. आगीची भीती नाही म्हणून आम्हीही तिलाच पसंती देतो. पण तिच्या पोटात बहुधा एक चपटा, चकचकीत बटण सेल असतो. वजनकाटा, गाडीची किल्ली, छोटा रिमोट, गाणारे शुभेच्छापत्र, खेळणी यांतही तो असतो. रांगते-चालते लेकरू हाती लागेल ते तोंडात घालते, हे आईवडिलांना सांगायला नको.

सर्वांत घातक असतो तो 20 मिलिमीटर रुंदीचा, 3 व्होल्टचा लिथियम सेल. त्यावर बहुधा सीआर 2032 असे छापलेले असते. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो अडकून बसतो. नाणे अडकले तर नुसते अडकते. सेल मात्र तिथे कामाला लागतो. दोन्ही बाजूंना ओल्या भिंती लागल्या की वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होतो. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. 2 तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते. यंत्र चालवायला कमी पडलेला जुना सेलही एवढे काम करतो.

मूल काही सांगत नाही. लाळ गळते, खोकला येतो, ते खायला नको म्हणते. घरचे समजतात सर्दी-पडसे. कधी काहीच लक्षण दिसत नाही. म्हणून नुसता संशय आला तरी रुग्णालय गाठावे, 108 ला फोन करावा.

आता मधाविषयी. 2018 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील व इतर डॉक्टरांनी डुकराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की मध आणि सुक्रालफेट हे औषध सेलभोवती लेप धरतात, क्षाराचा जोर कमी करतात आणि इजा मंदावते. त्यानुसार, मूल एक वर्षाहून मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून 12 तास झाले नसतील, तर घरचा मध दर 10 मिनिटांनी 10 मिलिलीटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, द्यावा. सहा वेळांपेक्षा जास्त नको. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मध घरात नसेल तर शेजारी शोधत बसू नये. तो वाटेत द्यायचा आहे, वाट अडवायला नाही. सेल काढणे हाच उपचार.

मधाखेरीज काही खायला-प्यायला देऊ नये. माशाचा काटा अडकला की आपल्याकडे भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावतात. इथे ते चालणार नाही. घशात बोटे घालून ओकारीही काढू नये. सेलचे पाकीट किंवा तसाच दुसरा सेल मिळाला तर सोबत न्यावा. डॉक्टरांना ‘नाणे असेल’ असे सांगू नका. ‘बटण सेलचा संशय आहे’ असेच सांगा आणि लगेच एक्स-रे मागा. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्याला सहसा ते नसते. अडकलेला सेल भूल देऊन दुर्बिणीने काढतात.

कारण संपले की कार्य संपते, असे आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलो. या सेलला तो नियम लागू नाही. तो निघाल्यावरही भाजलेला भाग दिवसेंदिवस झिजत जातो. श्वासनलिकेत भोक पडू शकते, शेजारची मोठी रक्तवाहिनी फुटू शकते. काही मुलांच्या बाबतीत हे आठवड्यांनंतर घडले आहे. म्हणून घरी आणलेल्या मुलाला रक्ताची उलटी झाली, थोडीशी का असेना, शौचास काळी झाली किंवा दूध पिताना ठसका लागू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री त्याला पुन्हा रुग्णालयात न्यावे.