कर्करोगाचे संशोधन व लोकशिक्षण

रोगाविषयीचे ज्ञान कोठून येते असे विचारले असता तुमच्यापैकी बहुतेक जण प्रयोगशाळेचे नाव घेतील. ते उत्तर अर्धेच बरोबर आहे. कोणती तपासणी उपयोगी व कोणती निरुपयोगी हे ठरविण्यास शेवटी हजारो माणसांचे साह्य लागते. आणि ज्यांचा संशोधनात समावेश होत नाही, त्यांच्या अडचणींविषयी ते ज्ञान मुकेच राहते. शहरातील सुखवस्तू स्त्रीस लागू पडलेला उपाय जिंतूर किंवा पालम तालुक्यातील शेतमजूर स्त्रीस तसाच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून खेड्यांतील, गरीब, अल्पसंख्य व निरक्षर लोक संशोधनात कसे सहभागी होतील, हा प्रश्न आमच्या मते वैद्यांचा जितका, तितकाच शिक्षकांचाही आहे. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको.

सन १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांकरिता कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. खेड्यांतील लोकसंख्येकरिता भारतात झालेली ही पहिलीच नोंदणी होय. शहरात नोंदणी करणारा इस्पितळांतून फिरला म्हणजे त्याचे काम बरेचसे भागते. येथे कित्येक रोगी इस्पितळात येतच नव्हते. तेव्हा कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलू लागले, रोगाची लक्षणे समजावून सांगू लागले, व ज्यांस तशी लक्षणे असतील त्यांस तपासणीस येण्याचा आग्रह करू लागले. काही वर्षांत असे आढळून आले की, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. लोकांस समजावून सांगितल्याचाच हा परिणाम होता.

याच परिसरात पुढे एक मोठा प्रयोग झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळ व फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी सन १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात तो आरंभिला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. गावांचे ५२ गट पाडून त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागात मानवी पॅपिलोमा विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची. चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था ठेवली. प्रशिक्षित परिचारिकांनी तपासण्या केल्या, आणि बोलाविलेल्या दर पाच स्त्रियांपैकी सुमारे चार आल्या.

सन २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी ज्या भागात झाली, तेथे ३४,१२६ स्त्रियांपैकी आठ वर्षांत या रोगाने ३४ दगावल्या. चौथ्या भागात ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. मराठवाड्यातील बायाबापड्यांनी सिद्ध केलेली ही गोष्ट साऱ्या जगाने विचारात घेतली.

परंतु चौथ्या भागातील त्या ६४ स्त्रियांचे काय, असे कोणी विचारील. आणि ते विचारलेच पाहिजे. या प्रयोगावर पुढे आक्षेप घेतले गेले. त्यांस तपासणी का दिली नाही, हा एक पक्ष. जिल्ह्यात मुळात अशी तपासणी कोणासच मिळत नव्हती, आणि तुलनेवाचून सत्य कळत नाही, हा दुसरा. आम्ही येथे निवाडा देत नाही. पण एवढे म्हणतो की, आपण कोणत्या भागात आहोत व आपणांस काय मिळणार नाही, हे प्रत्येकीस स्वच्छ समजणे हा तिचा हक्क आहे. सहभाग हे दान आहे. आणि दान जाणूनच द्यावयाचे असते.

न जाणता घेतलेल्या संमतीचे फळ काय होते, हेही पाहा. सन २००९-१० मध्ये आताच्या तेलंगणातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना याच विषाणूवरील लस टोचण्याचा उपक्रम झाला. खम्मममध्ये आदिवासी मुलींच्या कित्येक संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांच्या सह्या आढळल्या. काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लशीशी संबंध दिसत नाही असे चौकशीत ठरले, तरी संमतीतील दोष उघड झाले, आणि सन २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. दरम्यान सन २०१० मध्ये सरकारने लस टोचणे थांबविले, तेव्हा लशीच्या मात्रांवर चाललेल्या दुसऱ्याच एका अभ्यासासही त्याची झळ लागली. एके ठिकाणी विश्वास मोडला म्हणजे तो सर्वत्र मोडतो.

आता आपल्या परभणी जिल्ह्याकडे वळू. येथे कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी दखनी उर्दू, तर तांड्यावर बंजारा बोली चालते. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गावात नसतात. अशा ठिकाणी इंग्रजी कागद घेऊन पेरणीच्या दिवसांत आलेला संशोधक रिकाम्या हातांनी परतल्यास दोष लोकांच्या अडाणीपणाचा नव्हे. त्यांच्या भाषेत, त्यांच्या सवडीने, आणि शक्य तर त्यांच्यातीलच आशा ताईंच्या तोंडून सांगितले पाहिजे.

पालकांस आमची विनंती अशी की, कोणी संशोधनासाठी विचारावयास आले तर त्यास घालवून देऊ नये व घाईने अंगठाही उठवू नये. पुढील प्रश्न विचारावेत: हे कशासाठी आहे? आमच्यावर काय करणार? धोका कोणता? आम्ही नाही म्हटले, किंवा मध्येच सोडले, तर औषधोपचार बंद होईल काय? निष्कर्ष आम्हांस कोण कळवील? नकार दिल्याने उपचार बंद करता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. वाचता न येणाऱ्याकरिता निःपक्षपाती साक्षीदार असावा लागतो. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर लागतेच, शिवाय सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे सांगणे आहे.

आणि मुलांनो, घरात वाचणारे बहुधा तुम्हीच. आई किंवा आजीपुढे असा कागद आला तर तो शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवा. जो शब्द तुम्हांस कळणार नाही, तेथे थांबा व विचारा. तिला समजल्यावर ती जे ठरवील, ते तिचे स्वतःचे असेल. तुमच्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही.