कपडे न्यायला आलोय

नवऱ्याला पोलिसांनी नेलं त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. चौथ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात तोच. "कपडे न्यायला आलोय."

पोलिसांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तो जामिनावर आहे. दर सोमवारी हजेरी लावायची, एवढंच आदेशात आहे. घरी जायचं नाही, असं कुठं लिहिलंय?" लिहिलं नव्हतंच. जामिनाची सुनावणी झाली तेव्हा मी नालासोपाऱ्यात घरी डबे भरत होते. मला कुणी कळवलं नाही आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

आमच्या चाळीत सगळ्यांचा समज एकच: गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे माणूस आत. तसं नसतं. बायकोच्या छळाचं, भारतीय न्याय संहितेचं कलम 85, म्हणजे जुनं 498अ, अजामीनपात्र आहे. पण त्याचा अर्थ इतकाच, की जामीन द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या अर्नेश कुमार निकालापासून पुष्कळदा अटकही होत नाही, नोटीस देऊन बोलावतात. पाठलागाचा पहिला गुन्हा तर जामीनपात्रच.

म्हणून एफआयआरची फुकट मिळणारी प्रत घ्या आणि जामीन अर्ज कधी आहे ते तपास अधिकाऱ्याला रोज विचारा. लाज वाटू देऊ नका, मी वाटू दिली. घर, मुलांची शाळा, कामाची जागा, फोन, यांपासून त्याला लांब ठेवा, असं सरकारी वकिलांना लेखी द्या. मागितलं नाही तर अट पडेलच असं नाही.

जामिनाची अट मोडली तर जामीन रद्द करायला पुन्हा अर्ज करावा लागतो. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण आदेश मोडणं मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, तोही अजामीनपात्र. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा आदेश मागता येतो. मी तो नंतर मिळवला, विधी सेवा समितीच्या मोफत वकिलांकडून. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

मध्ये सासूबाई आल्या. "सही कर, केस मिटव." मला वसईची श्रद्धा वालकर आठवली. 2020च्या नोव्हेंबरात तिने जोडीदाराविरुद्ध पोलिसांत लेखी तक्रार दिली, पुढच्याच महिन्यात मागे घेतली, आणि मे 2022 मध्ये दिल्लीत तिचा खून झाला.

"आई, चहा ठेवते," मी म्हटलं. "सही नाही करणार."