फास्टॅग : चोरी आणि पाळत

प्रश्न : परभणीहून जालन्यामार्गे समृद्धी महामार्गाने जाणाऱ्या गाडीचा फास्टॅग (काचेवरची टोलपट्टी) स्मार्ट घड्याळाने स्कॅन करून पैसे चोरता येतात काय?

उत्तर : नाही. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरील यंत्राच्या रेडिओलहरींनी क्षणभर जागा होऊन तो केवळ आपला क्रमांक कळवतो, आणि रक्कम नोंदणीकृत टोल किंवा पार्किंग चालकाकडेच वळती होते, म्हणून अशा चोरीची २०२२ मधील चित्रफीत फास्टॅगची देयके हाताळणाऱ्या एनपीसीआयने खोटी ठरवली. गोपनीयतेची बाजू मात्र लंगडी आहे. प्रत्येक नाक्यावरील वेळ नोंदली जाऊन प्रवासाचा माग तयार होतो, तर २०१९ पासून नव्या प्रवासी बसमध्ये सक्तीचे झालेले ठिकाणदर्शक यंत्र मोबाइल जाळ्यावरून बसचे ठिकाण सतत पाठवत राहते. फसवणूक टाळण्यासाठी फास्टॅगच्या 'केवायसी'च्या (ओळख पडताळणीच्या) बनावट दुव्यांवर ओटीपी देऊ नये आणि गाडी विकताना बँकेकडून फास्टॅग बंद करून घ्यावा.