संगणकीय खेळातील कन्सोल चले आणि त्यांची शिस्त



जवाहरनगरची वसाहत आयुध निर्माणीच्या भोवती वाढली. यंत्राचा सांगाडा एकदाच ओतला जातो, पण त्याचा वेग, दाब आणि तापमान कामानुसार कमी-अधिक करावे लागते, हे येथील कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. संगणकीय खेळाचेही तसेच आहे. खेळाचा मूळ सांगाडा म्हणजे ‘गेम इंजिन’, आणि त्यातील फिरवता येणाऱ्या चाव्या म्हणजे ‘कन्सोल व्हेरिएबल’, अर्थात कन्सोल चले. या चलांचे व्यवस्थापन हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका फजितीमुळे. सुटीच्या दिवसांत आम्ही काही माजी विद्यार्थी वसतिगृहातील मुलांना संगणक शिकवीत होतो. मुलांनी अनरिअल इंजिन ४ वर एक लहानसा खेळ तयार केला. जुन्या संगणकांवर तो अडखळत चाले. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री एका मुलाने कन्सोल उघडून चित्राची सूक्ष्मता निम्म्यावर आणली आणि खेळ सुरळीत धावू लागला. दुसऱ्या दिवशी पालकांसमोर मात्र तोच खेळ पुन्हा रखडला. कन्सोलमध्ये दिलेले मूल्य खेळ बंद होताच विरून जाते, ही गोष्ट आम्ही मुलांना शिकवलीच नव्हती. दोष मुलाचा नव्हता, आमचा होता.

या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे १९९६ साली इड सॉफ्टवेअरने प्रसिद्ध केलेला ‘क्वेक’ हा खेळ. त्याची मूळ आज्ञावली १९९९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्यामुळे आज कोणीही ती वाचू शकतो. त्यात प्रत्येक चलाला नाव, मूल्य आणि काही खुणा आहेत. उदाहरणार्थ, ‘एसव्ही_ग्रॅव्हिटी’ या चलात गुरुत्वाकर्षणाचे मूल्य ८०० ठेवलेले असते. ते १०० केले की खेळाडू उंच उडी घेऊन सावकाश खाली येतो, आणि त्यासाठी आज्ञावली नव्याने बांधावी लागत नाही. ज्या चलावर जतन करण्याची खूण असते, तेच खेळ बंद होताना फाईलमध्ये लिहिले जाते. बाकीचे विसरले जाते. आणखी एक खूण सर्व्हरच्या चलांसाठी आहे. असे चल चालू सामन्यात बदलले, तर त्याची सूचना सामन्यातील प्रत्येक खेळाडूच्या पडद्यावर उमटते. नियम बदलला तर तो सर्वांना कळला पाहिजे, ही दक्षता येथे आज्ञावलीतच घेतलेली आहे.

आता अनरिअल इंजिनाकडे येऊ. आमच्या मुलाने बदललेले चल होते ‘आर.स्क्रीनपर्सेंटेज’. त्याचे मूल्य १०० वरून ५० केले, की १९२० गुणिले १०८० ऐवजी ९६० गुणिले ५४० बिंदूंचेच चित्र रेखाटले जाते. म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदूंऐवजी ५ लाख १८ हजार. लांबी आणि रुंदी निम्मी झाली, म्हणून काम एक चतुर्थांश झाले. चित्र किंचित पुसट दिसते, परंतु जुना संगणकही तग धरतो.

एकाच चलाला अनेक ठिकाणांहून मूल्य मिळू शकते. मग कोणाचे ऐकायचे? यासाठी इंजिनाने अधिकाराची उतरंड ठरविली आहे. सर्वांत खाली आज्ञावलीतील मूळ मूल्य. त्यावर गुणवत्तेचे ठरीव संच, मग खेळाडूची निवड, मग प्रकल्पाची मांडणी, मग प्रणालीची मांडणी-फाईल, मग त्या-त्या उपकरणाची मांडणी. सर्वांत वर कन्सोलवर हाताने दिलेली आज्ञा. वरच्या पायरीने ठरविलेले मूल्य खालची पायरी बदलू शकत नाही.

येथेच नवशिक्याची दुसरी चूक होते. मूल्य टिकावे म्हणून तो सावलीची गुणवत्ता थेट प्रणालीच्या मांडणी-फाईलमध्ये लिहितो. मूल्य टिकते खरे. पण पुढे खेळाडूने पर्यायांच्या यादीतून गुणवत्तेचा दुसरा संच निवडला, तरी सावली जशीच्या तशी राहते, कारण त्याची पायरी खालची असते. म्हणून मूल्य किती असावे हे ठरविण्याबरोबरच ते कोणत्या पायरीवर लिहावे, हेही ठरवावे लागते. शंका आल्यास कन्सोलमध्ये केवळ चलाचे नाव लिहावे. चालू मूल्य आणि ते शेवटी कोणी ठरविले, हे दोन्ही दिसते. नावापुढे प्रश्नचिन्ह दिले, तर चलाची माहिती मिळते.

ही शिस्त दूरदेशीची नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेने अनरिअल इंजिन ४ वर घडविलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये हातात मावणाऱ्या निन्टेन्डो स्विचवरही आला आणि संगणकावरही. एकच खेळ दुबळ्या आणि सबळ अशा दोन्ही उपकरणांवर चालवायचा, तर उपकरणागणिक मूल्ये वेगळी ठेवण्याची सोय लागतेच.

आमच्या मुलांसाठी आम्ही आता चार नियम ठरविले आहेत. चलाचे नाव अर्थ सांगणारे असावे. मूळ मूल्य सर्वांत जुन्या संगणकावरही चालेल असे असावे. प्रत्येक चलासोबत एक वाक्याची माहिती आणि किमान-कमाल मर्यादा लिहावी. आणि कन्सोलवर केलेला प्रयोग यशस्वी झाला, तर त्याच दिवशी तो योग्य फाईलमध्ये नोंदवावा.

दुसऱ्या नियमाविषयी आमचा विशेष आग्रह आहे. आपल्या बहुतेक घरांत नवा, महागडा संगणक नाही. ज्याच्यापाशी जुने यंत्र आहे त्यालाही खेळता यावे, शिकता यावे, ही सोय आधीच करून ठेवणे हे खेळ घडविणाऱ्याचे कर्तव्य आहे. पुढील स्नेहसंमेलनात मुलांचा खेळ प्रयोगशाळेतील सर्वांत जुन्या संगणकावर मांडण्याचे आम्ही ठरविले आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी अवश्य यावे आणि मुलांच्या मांडणी-फाईलीही उघडून पाहाव्यात, ही नम्र विनंती.