पापाचा वाटा आणि फळाचा वाटा

वाल्या कोळ्याचे आख्यान लावले नाही असा कीर्तनकार महाराष्ट्रात सापडावयाचा नाही. नारद वाटेत अडविले जातात, ते विचारतात, "बाबा रे, ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? घरी जाऊन विचारून ये." वाल्या घरी येतो, बायकोला विचारतो, आणि ती कानांवर हात ठेवते. येथे आम्ही मंडळी बायकोचा आवाज काढतो, मंडपात हशा पिकतो, आणि ती बाई आप्पलपोट्या संसाराची मूर्ती ठरून जाते. पुढे रामनाम, वारूळ आणि वाल्मीकी. त्या बाईचे पुढे काय झाले हे मात्र कोणी विचारीत नाही.

मूळ काय आहे ते आधी पाहू. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही. ती अध्यात्मरामायणाच्या अयोध्याकांडात आहे, आणि तेथे स्वतः वाल्मीकीच ती रामचंद्रांना सांगतात. तेथे भेटतात ते सप्तर्षी. रांजणात खडे टाकण्याची गोष्ट तर आपल्या लोकांनी मागाहून घातलेली गोड भर आहे. घरच्यांचे उत्तर मात्र ग्रंथात नेमके दिले आहे. त्याचा आशय असा की पाप सगळे तुझे, आम्ही फळाचे वाटेकरी. या उत्तराचे दोन तुकडे करून पाहावेत. पाप ज्याचे त्याचे, हा पहिला तुकडा खरा आहे, आणि ऋषींनाही तेच वाल्याच्या गळी उतरवायचे होते. फळ तेवढे आमचे, हा दुसरा तुकडा अवघड आहे. ते फळ कोठून आले हे खाणाऱ्याला ठाऊक होते की नव्हते, यावर सारे अवलंबून.

आता हा विषय आजच का काढला ते सांगतो. आमच्या आष्टीच्या बाजूला एका सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री काही बाया माझ्याकडे आल्या. पोळ्या लाटायला बसलेल्यांत एक अशी होती की जिचा नवरा खुनाच्या शिक्षेत तुरुंगात आहे. एक जण म्हणाली, "महाराज, तिच्या हातच्या पोळ्या पंगतीला चालतात का? एका छताखाली राहत होती, हिला काय माहीत नसंल?" तिच्या शब्दांत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. हिला ठाऊक असायला हवे होते, हा एक. ठाऊक असो नसो, हिचा वाटा आहेच, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सोपे म्हणून तो आधी घेतो.

याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका आहे. प्रायश्चित्ताध्यायात तो वधाचे भागीदार मोजतो. प्रत्यक्ष मारणारा तो कर्ता, मारायला लावणारा तो प्रयोजक, रुकार देऊन जोर देणारा तो अनुमन्ता, पळणाऱ्याला अडवून किंवा अन्य रीतीने साह्य करणारा तो अनुग्राहक, आणि ज्याच्या छळामुळे दुसऱ्याचा जीव जातो तो निमित्ती. या मालिकेत नवरा, बायको, भाऊ, लेक ही नावे नाहीत. नाते हा सहभागाचा प्रकारच नव्हे. काही केले, करविले, होकार दिला, हात लावला, तर वाटा. कोणी म्हणेल, पत्नी अर्धांगी ना? होय, पण तिला सहधर्मचारिणी म्हटले आहे, सहअधर्मचारिणी हा शब्द कोणत्या कोशात आहे? गंमत अशी की पाठशाळेत घोकलेल्या एका सुभाषितात प्रजेचे पाप राजाला, शिष्याचे गुरूला आणि बायकोचे नवऱ्याला लागते असे सांगितले आहे. म्हणजे वरून खाली नव्हे, खालून वर. ज्याच्या हाती सत्ता त्याच्याकडे पाप जाते. आपण गावात नेमके उलटे करतो, ज्याच्या हाती काही नाही त्याच्या पदरात बांधतो.

आता पहिला प्रश्न, तिला कळायला हवे होते काय?

इंग्लंडात पीटर सटक्लिफ नावाच्या माणसाने १९७५ ते १९८० या काळात तेरा स्त्रियांचे खून केले. त्याचे लग्न १९७४ मध्ये झालेले, म्हणजे तो सगळा काळ तो संसारी गृहस्थ होता. १९८१ च्या जानेवारीत तो सापडला, तेव्हा पहिली बोटे बायकोकडे वळली. पण त्या पाच वर्षांत खुद्द पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती आणि नऊही वेळा सोडून दिले होते! ज्यांचा धंदाच संशय घेण्याचा त्यांना जे दिसले नाही, ते विश्वास ठेवण्यासाठीच जिने लग्न केले तिला का दिसले नाही, असे विचारणे हा कोणता न्याय?

दूर कशाला जा. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत मानवतला एकामागून एक मुली आणि बाया मारल्या जात होत्या. आमचा परतूर तालुका त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होता (जालना जिल्हा १९८१ चा), त्यामुळे ती दहशत आमच्या घरापर्यंत होती, दिवेलागणीला पोरांना आत ओढीत. सबंध गावात कोणाला नक्की काही सांगता येईना. पकडल्यावर मात्र जो तो म्हणे, मला आधीच वाटत होते. मागाहून सगळ्या खुणा दिसतात. रात्री उशिरा आला, अंघोळ केली, जेवला नाही, बोलला नाही, अशा रात्री कोणत्या घरात नसतात? आपल्या घरांत तर नवऱ्याला "कुठं होतात?" असे विचारण्याची सोय किती बायकांना आहे, हे विचारणाऱ्या बायांनीच मनाशी पाहावे.

न कळणे असे सहज घडते. पण कळूनही जो सोबत राहतो, फळ खात राहतो, त्याचे काय? याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि त्यात जाणणारा नवरा आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांनी जत्रांत, देवळांच्या गर्दीत चोऱ्या करताना उपयोगी पडावीत म्हणून लहान मुले पळविली, आणि नकोशी झालेली काही मुले मारली. चोरी उघडी पडली तर कडेवरच्या लेकराकडे पाहून लोक दया करतात, हा हिशेब. जत्रेत गेलेल्या आईबापांची ती लेकरे, हे वारीला जाणाऱ्याने वाचावे आणि क्षणभर थांबावे. १९९६ मध्ये त्या सापडल्या. अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच कोठडीत वारली. मुलींना कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सांगितली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. या खटल्यात रेणुकेचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. माफीचा साक्षीदार होतो तो मुळात गुन्ह्यातला सोबतीच. त्याला ठाऊक होते, त्याने सांगितले, आणि तो सुटला.

यावर लोक चिडतात, आणि चीड खोटी नाही. पण सरकारने त्याला निर्दोष म्हटलेले नाही. बंद दाराआडचे सांगणारे दुसरे तोंड नव्हते, म्हणून सगळे खरे सांगण्याच्या अटीवर शिक्षा माफ केली. असल्या साक्षीवर किती विसंबावे याचा ऊहापोह मानवतच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये केला आहे. सोबत्याच्या शब्दाला दुसरा पुरावा जोडल्याखेरीज तो सहसा धरू नये, असा त्याचा रोख. मनुस्मृतीत प्रायश्चित्ताच्या प्रकरणात पाप उघड सांगणे आणि पश्चात्ताप या दोन्ही गोष्टी शुद्धीच्या वाटा म्हणून दिल्या आहेत. सांगणे कोर्टात होते. पश्चात्ताप झाला की नाही हे कोर्टाच्या वहीत लिहीत नाहीत. माझे मत विचाराल तर जाणून राहिलेला हा नवरा विज्ञानेश्वराच्या यादीत कोठे तरी बसतोच, माफी मिळाली म्हणून उठत नाही.

कायद्याने या नात्याकडे कसे पाहिले तेही वारकऱ्यांनी समजून घ्यावे, उगाच भिऊ नये. गुन्हेगाराला शिक्षेतून वाचविण्यासाठी आसरा देणे हा गुन्हा आहे. पण १८६० च्या दंडसंहितेत कलम २१२ ला असा अपवाद होता की नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला आसरा दिला तर तो गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम २४९ मध्येही तो अपवाद आहे. दारात आलेल्या नवऱ्याला भाकर घातली म्हणून बायकोला तुरुंग नाही. मात्र रक्ताचे कपडे जाळणे, हत्यार विहिरीत टाकणे, चोरीचा दागिना चोरीचा आहे हे जाणून अंगावर घालणे, यांना नात्याचे पांघरूण नाही.

साक्षीची गोष्ट आणखी बारीक आहे. नवऱ्याने संसारात विश्वासाने सांगितलेले शब्द बाहेर काढायला बायकोला भाग पाडता येत नाही. पण डोळ्यांनी पाहिलेले सांगता येते. १९५४ साली उत्तर प्रदेशातील रामभरोसे नावाच्या माणसाचा खुनाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. तो पहाटे माळवदावरून उतरला, भुशाच्या कोठीत गेला, मग त्याने अंघोळ केली, हे त्याच्या बायकोने सांगितले. ते न्यायालयाने चालविले. तो तिच्याशी काय बोलला, ते चालविले नाही. कान झाकले, डोळे उघडे ठेवले. आमच्या न्यायशास्त्रात शब्द आणि प्रत्यक्ष यांवर पोथ्याच्या पोथ्या आहेत, पण संसारातल्या बाईची अडचण इतक्या नेमकेपणाने कोणी मांडली नसेल.

एक वर्ग राहिला. जिला ठाऊक आहे, पण बोलली तर तिचाच जीव जाईल, अशी. मनूने व्यवहारप्रकरणात, बळाने करविलेले ते न केल्यासारखेच, असे म्हटले आहे. तेव्हा अशा बाईला "का बोलली नाहीस?" विचारण्याआधी, ती बोलली असती तर रात्री तिला कोणाच्या घरी झोपायला जागा होती, हे गावाने सांगावे. आज ११२ क्रमांक आहे, २००५ चा घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. पण क्रमांक फिरविल्यानंतर पोलीस येईतोवर शेजारच्या घराचे दार उघडावे लागते.

नात्यावरून दोष चिकटविणे आपल्या संप्रदायाला तर सोसवू नये. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गेले आणि गुरूच्या आज्ञेने परत आले. यात रुक्मिणीबाईंनी काय केले होते? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई तर तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी आळंदीने त्यांना वाळीत टाकले, आणि ती लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालत आली अशी परंपरा आहे. ज्यांच्या पालखीपुढे आपण लोटांगण घालतो त्यांना आपल्यासारख्याच गावाने पंगतीतून उठविले होते. आणि ही खोड जुनीच आहे असेही नाही. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला, त्यानंतर या महाराष्ट्रात मारेकऱ्याशी केवळ जातीने जुळणाऱ्या लोकांची घरे जाळली गेली.

तेव्हा त्या बायांना मी सांगितले, पोळ्या चालतात. लाटू द्या.

त्यांतली एक थांबली. म्हणाली, "आन् ज्याला मारलं त्याची माय पण उद्या पंगतीला हाय." हे खरे अवघड होते. त्या माउलीला क्षमा कर म्हणण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही, तिच्या लेकाच्या बाबतीत तर देवानेही जपून बोलावे. तिला वाढायला दुसरीला पाठवा, दोघींना समोरासमोर बसवू नका, आणि तिने विचारले तर खोटे सांगू नका, एवढे मी म्हणालो. पोळ्या लाटणारीला वेगळे बोलावून एकच विचारले, त्या माणसाने आणलेले काही घरात आहे काय. ती म्हणाली, एक मणी आहे, कुठून आणला ते त्यांनी सांगितले नव्हते, आता शंका येते. तो मणी पोलीस पाटलाला साक्षीला घेऊन ठाण्यात जमा करायचा ठरला.