वाद्याविना मेळा

मनुष्याने वेळूला छिद्रे पाडून बासरी केली, चामडे ताणून ढोलकी मढविली आणि खुंट्यांना तारा बांधून वीणा जुळविली. परंतु या सर्वांच्या आधी एक वाद्य त्याच्याजवळ होतेच. ते त्याच्या गळ्यात होते. स्वरयंत्रात स्नायूंच्या दोन लहानशा घड्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. त्यांची लांबी सुमारे सव्वा ते अडीच सेंटिमीटर. फुप्फुसांतून वर येणारी हवा त्यांच्यामधून जाऊ लागली, की ते थरथरू लागतात आणि स्वर उमटतो. या वाद्याला गवसणी लागत नाही, ते खांद्यावरून वाहून न्यावे लागत नाही आणि विकतही घ्यावे लागत नाही.

एकट्याने गाताना हे वाद्य पुरे पडते. परंतु दहा जणांनी मिळून, पेटी नाही, तंबोरा नाही, तबलाही नाही, अशा स्थितीत गायचे म्हटले तर काय होईल? पेटी आणि तंबोरा गायकाला स्वराचा आधार देतात. तबला आणि मृदंग काळाचे भान देतात. हे आधार काढून घेतले, तर गायकांनी कशाच्या आधाराने गावे? या प्रश्नाचे उत्तर जगात अनेक ठिकाणी अनेक लोकांनी आपापल्या परीने शोधले आहे. त्यांतील दोन उत्तरे पाहण्यासारखी आहेत. एक पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात सापडते. दुसरे अमेरिकेतील महाविद्यालयांत.

पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुका आहे. नांदे हे त्यातील एक गाव. चांदे, सूस, लवळे ही त्याच्या आसपासची गावे. आज या भागात उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठाचे आवार पसरले आहे. परंतु दोन-तीन पिढ्यांपूर्वी मुळशीतील गावांची पहाट जात्याच्या घरघरीने होत असे. कोंबडा आरवण्याच्या सुमारास घरातील बायका उठत. जात्याची खालची तळी स्थिर असे. वरच्या पेडाला लाकडी खुंटा असे. दोघी समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर पडत आणि जाते फिरू लागे. एक हात खुंट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य वैरले जाई, आणि त्याबरोबरच ओवी सुरू होई.

ओवी एकीने उचलायची आणि दुसरीने तिला साथ द्यायची, अशी रीत. बायका ओवीच्या चालीला ‘गळा’ म्हणत. एकीचा गळा दुसरीला ठाऊक असला, तरच दोघींची ओवी जुळे. येथे पेटी नव्हती आणि तबलाही नव्हता. परंतु जात्याची फेरी काळ मोजून देत होती. समोरची दमली, तर फेरी मंद होई आणि ओवीही तिच्याबरोबर मंद होई. माहेर, भाऊ, लेकरे, विठोबा, सीतेचा वनवास, घरातील जाच, शेतातील कष्ट, सारे काही ओवीत येई. जे दिवसा कोणाजवळ बोलता येत नसे, ते पहाटेच्या अंधारात जात्यापाशी गाता येत असे. ऐकणारी एकच असे. तीही खुंट्याला हात लावून बसलेली.

आता दुसरे उत्तर. वाद्यांच्या साथीशिवाय केलेल्या गायनाला युरोपात ‘आ कापेला’ म्हणतात. हा शब्द इटालियन भाषेतील असून त्याचा अर्थ ‘प्रार्थनामंदिरातल्याप्रमाणे’ असा आहे. पूर्वी ख्रिस्ती मंदिरांतील काही गायकवृंद वाद्ये न घेता गात. त्यावरून हे नाव रूढ झाले. पुढे ही रीत मंदिराबाहेर पडली आणि विद्यार्थ्यांनी ती उचलली. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९०९ साली काही विद्यार्थी मोरीज नावाच्या एका भोजनगृहात जमून गाऊ लागले. त्यांनी आपल्या मेळ्याला ‘व्हिफनपूफ्स’ असे गमतीदार नाव दिले. त्या काळच्या एका संगीतिकेतील काल्पनिक प्राण्याचे हे नाव! चौदा गायकांचा हा मेळा आज शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. वर्ष संपले, की जुने गायक बाहेर पडतात आणि नवे येतात. मेळा मात्र तोच राहतो. पहिली सुमारे एकशे नऊ वर्षे त्यात केवळ पुरुष गात असत. २०१८ साली प्रथमच एका विद्यार्थिनीची निवड झाली.

अशा मेळ्यात प्रत्येकाचे काम ठरलेले असते. कोणी मुख्य गीत गातो, कोणी वरच्या पट्टीतील स्वर धरतो, कोणी खर्जातील. कोणी तर शब्द गातच नाही. तो ओठ, जीभ आणि श्वास यांच्या साहाय्याने तबल्यासारखे किंवा ढोलासारखे बोल काढतो आणि साऱ्यांना ताल देतो. गाणे सुरू करण्यापूर्वी एका छोट्याशा पिपाणीतून आरंभीचा स्वर घेतात. त्यानंतर ती खिशात जाते आणि पुढे एकमेकांच्या कानांवाचून दुसरा आधार उरत नाही.

हे वाटते तितके सोपे नसते. वाद्य नसले, की सर्वांचा स्वर नकळत खाली घसरू लागतो. एकाने किंचित उतरता स्वर लावला, की शेजारचा त्याला जुळवून घेतो, तिसरा त्या दोघांना, आणि गाणे संपेपर्यंत सारा मेळा मूळ पट्टीच्या खाली गेलेला असतो. कोणाला त्याचा पत्ताही नसतो. शेवटी पुन्हा पिपाणी वाजविली, की चूक उघडी पडते. दोन स्वर पूर्ण जुळले आहेत की नाहीत, हे ओळखण्याची एक खूण आहे. समजा, एकाचा स्वर सेकंदाला २२० कंपनांचा आहे आणि दुसऱ्याचा २२३ कंपनांचा. हे दोन स्वर एकत्र आले, म्हणजे आवाज सेकंदाला तीन वेळा लहानमोठा होताना ऐकू येतो. जणू स्वराला हेलकावे बसतात. गायक एकमेकांकडे कान देऊन स्वर सावरू लागले, की हे हेलकावे मंद होत जातात; आणि दोन्ही स्वर एक झाले, की ते थांबतात. सराव म्हणतात तो मुख्यतः यासाठी.

येथे उत्तम आवाजाचा गायकसुद्धा मेळ्याला जड होऊ शकतो. आपलाच आवाज वर उठावा असे त्याला वाटले, की शेजारच्यांना स्वतःचा स्वर ऐकू येईनासा होतो आणि वीण उसवते. उलट, आवाज बेताचा असूनही जो ऐकून गातो, तो मेळ्याला हवाहवासा वाटतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो, त्या वेळी तर हे विशेष ध्यानात घ्यावे लागते. स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांबतात, काल सहज लागणारा वरचा स्वर आज चिरकतो. अशा मुलाने ओशाळून गाणे सोडण्याचे कारण नाही. त्याने काही काळ खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात गावे. गळ्याचे वाद्य त्या दिवसांत नव्याने घडत असते.

महाविद्यालयाचे वर्ष संपून उन्हाळ्याची सुट्टी लागली, की या मेळ्यांच्या मुशाफिरीला आरंभ होतो. व्हिफनपूफ्स मेळा उन्हाळ्यात जगाच्या प्रवासास निघतो आणि देशोदेशी कार्यक्रम करतो. वाद्यांचे ओझे नसल्यामुळे जेथे उभे राहतील तेथे त्यांना गाता येते. मग ते नाट्यगृह असो, शाळेचे पटांगण असो वा रस्त्याचा चौक. परंतु प्रवासाला दुसरी बाजूही असते. झोप अपुरी होते, हवा बदलते, पाणी बदलते. सतारीची तार तुटली, तर नवी चढविता येते. गळा बसला, तर त्याला विश्रांतीवाचून दुसरा उपाय नाही. अशा वेळी आजारी गायकाने मौन धरायचे असते आणि त्याचा स्वर इतरांनी वाटून घ्यायचा असतो. आठवडेच्या आठवडे एकत्र राहायचे, एकमेकांचे रुसवेफुगवे सोसायचे आणि सायंकाळी एका स्वरात उभे राहायचे, ही काही लहान परीक्षा नव्हे.

परदेशी वाढलेल्या भारतीय मुलांनीही ही रीत आपलीशी केली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ आहे. तेथील भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली ‘पेन मसाला’ नावाचा मेळा काढला. घरी आईवडिलांच्या तोंडून ऐकलेली हिंदी गाणी आणि बाहेर मित्रांबरोबर ऐकलेली इंग्रजी गाणी या मुलांनी एकाच विणीत गुंफली. २००९ सालच्या दिवाळीत अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानी, अध्यक्ष बराक ओबामा यांच्यासमोर, हा मेळा गायला. २०२३ साली भारताच्या पंतप्रधानांचे तेथे स्वागत झाले, त्या प्रसंगीही त्याचे गायन झाले. दोन देशांत वाढणाऱ्या मुलाला आपण नेमके कोठले, असा प्रश्न पडतो. या मुलांनी त्या प्रश्नापुढे हार न मानता दोन्ही घरांची गाणी एका कंठाने गाऊन दाखविली.

महाविद्यालयातील मेळ्याला रंगमंच आणि टाळ्या मिळाल्या. मुळशीच्या ओवीला यांतील काहीच मिळाले नाही. तरी दोहोंचे मर्म एकच आहे. समोरच्याचा स्वर ऐकायचा आणि त्यात आपला मिसळायचा. फरक पडला तो पुढे. महाविद्यालयात दरवर्षी नवे गायक येत राहिले, म्हणून मेळे टिकले. गावोगावी पिठाची गिरणी आली, आणि जाते कोपऱ्यात गेले. गिरणीने बायकांचे मोठे कष्ट वाचविले, हे चांगलेच झाले. त्या कष्टांची आठवण काढून कोणी हळहळावे असे त्यांत काही नाही. परंतु जाते थांबले, तशी ओवी शिकण्याची जागाही गेली. ज्या सुना पहाटे सासूसमोर बसून गळा उचलीत, त्यांच्या लेकींना तशी वेळ आलीच नाही.

ही गोष्ट ज्यांनी वेळीच ओळखली, त्यांत हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांची नावे आदराने घ्यावी लागतील. राईरकर पुण्याच्या, पॉइट्वाँ मूळचे फ्रान्सचे, पण त्यांनी भारताला आपला देश मानले. मावळ-मुळशीच्या डोंगराळ गावांतील गरीब बायकांमध्ये काम करताना त्यांच्या ध्यानात आले, की या बायकांच्या ओव्या म्हणजे त्यांनी स्वतः सांगितलेला त्यांचा इतिहास आहे. मग त्यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून ओव्या उतरवून घेतल्या. मुळशीतील नांदगावासारख्या गावांतील बायकांनी या कामात मोठा वाटा उचलला. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाने अनेक गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, कारण शब्द कागदावर उतरतात, पण गळा उतरत नाही. पॉइट्वाँ २००४ साली वारले आणि राईरकर २०१० साली. त्यांनी जमविलेला हा ठेवा २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. आता तो कोणालाही ऐकता येतो.

आज जाते क्वचितच फिरते. लग्नघरी हळद दळण्याच्या वेळी त्याला पुन्हा मान मिळतो. वैशाखातील लगीनसराईत मुळशीच्या एखाद्या घरी जाते मांडले जाते, त्याला हळदकुंकू वाहतात, आणि एखादी वृद्ध आजी आपला गळा लावते. तेथे जमलेल्या मुलांना बहुधा हळद आणि जेवणाची पंगत एवढेच आठवते. त्यांनी आजीच्या शेजारी बसावे. ती काय गाते हे विचारावे, शब्द वहीत लिहून घ्यावेत, गाणारीचे आणि गावाचे नाव खाली घालावे. आणि त्यानंतर वही मिटून तिच्याबरोबर ती ओवी म्हणावी. पहिल्यांदा स्वर जुळणार नाही. आजी थांबेल, हसेल, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करील. ओवी आजवर अशीच शिकविली गेली आहे.

स्वाध्याय

१. वाद्याविना समूहाने गाणे कठीण का असते?
२. दोन स्वर जुळले आहेत की नाहीत, हे गायक कसे ओळखतात?
३. ‘उत्तम आवाजाचा गायकसुद्धा मेळ्याला जड होऊ शकतो’ असे का म्हटले आहे?
४. जात्यावर ओवी गाणाऱ्या दोघी आणि महाविद्यालयातील मेळा यांत साम्य कोणते व फरक कोणता?
५. गिरणी आल्याने काय मिळाले व काय गेले, हे आपल्या शब्दांत लिहा.
६. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक ओवी ऐका, लिहून घ्या आणि तिच्याच गळ्यावर वर्गात म्हणून दाखवा.